मूल सतत ‘नाही’च म्हणतं तेव्हा: ओडीडीबद्दल पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

ओडीडी म्हणजे नेमकं काय?

ऑपोझिशनल डिफायंट डिसऑर्डर. मराठीत ‘विरोधी अवज्ञा विकार’ असं कुठे कुठे लिहिलेलं सापडतं, पण बोलताना सगळे ओडीडीच म्हणतात. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या डीएसएम या निदान-पुस्तिकेत १९८० साली ‘ऑपोझिशनल डिसऑर्डर’ म्हणून त्याची पहिल्यांदा नोंद झाली आणि १९८७च्या सुधारित आवृत्तीत आजचं नाव मिळालं.

२०१३च्या पाचव्या आवृत्तीत आठ लक्षणं आहेत, तीन गटांत. पहिला गट रागाचा: पटकन पारा चढणं, बारीकसारीक गोष्टीनं बिनसणं, मनात राग धुमसत राहणं. दुसरा गट विरोधाचा: मोठ्यांशी हुज्जत घालणं, सांगितलेलं उघडपणे धुडकावणं, मुद्दाम डिवचणं, स्वतःच्या चुकीचं खापर दुसऱ्यावर फोडणं. तिसऱ्या गटात एकच लक्षण आहे, डूख धरणं. ‘थांब, बघतोच तुला’ असं म्हणून खरोखर सूड उगवल्याचे प्रसंग सहा महिन्यांत किमान दोनदा घडलेले असले, तर ते मोजलं जातं.

हट्ट तर सगळीच मुलं करतात. मग आजार कुठून सुरू होतो?

अडीच-तीन वर्षांचं मूल जमिनीवर लोळण घेतं, तेरा वर्षांचं धाडकन दार आपटतं. दोन्ही त्या त्या वयाचं लक्षण आहे. म्हणून निदान करताना ‘करतो का?’ यापेक्षा ‘किती वेळा, किती दिवसांपासून, कोणाशी?’ हे विचारलं जातं. आठपैकी किमान चार लक्षणं, किमान सहा महिने. पाच वर्षांखालच्या मुलात ती बहुतेक दिवशी दिसायला हवीत, त्यापुढच्या वयात आठवड्यातून निदान एकदा. डूख धरण्याला मात्र हा हिशेब लागत नाही. आणि वागणं फक्त भावंडांपुरतं असेल तर ते धरत नाहीत. भावाबहिणींची मारामारी कितीही जोरात असली तरी एवढ्यावरून कोणी ओडीडी म्हणणार नाही.

याशिवाय एक अट असते, ती यादीपेक्षा महत्त्वाची आहे. या वागण्यानं मुलाचं किंवा घरच्यांचं काहीतरी बिघडत असलं पाहिजे: अभ्यास, मैत्री, घरातली शांतता. मूल वाद घालतं, पण त्याला मित्र आहेत, शाळेत बरं चाललंय, रात्री जवळ येऊन झोपतं, तर ते वादावादी करणारं मूल आहे. त्याला तेवढंच राहू द्या.

पाहण्यांमध्ये ओडीडीचं प्रमाण १ ते ११ टक्के असं बरंच वरखाली सापडतं, सरासरी ३.३ टक्क्यांच्या आसपास धरतात. एवढा फरक पडतो, कारण कोणाला विचारलं (आईला, शिक्षकांना की मुलाला) यावर उत्तर बदलतं.

शाळेत बाई म्हणतात, ‘इतका शहाणा मुलगा!’ घरीच असं वागतो. म्हणजे नाटक करतो का?

नाही. ओडीडी फक्त घरातच दिसणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. एकाच ठिकाणी दिसला तर सौम्य, दोन ठिकाणी मध्यम, तीन किंवा जास्त ठिकाणी तीव्र, अशी त्याची वर्गवारीच आहे. दिवसभर ताबा ठेवून दमलेलं मूल घरी येऊन फुटतं, आणि जिथं काहीही केलं तरी आपल्याला टाकून देणार नाहीत अशी खात्री असते तिथंच फुटतं. आईवर सर्वांत जास्त राग निघतो तो पुष्कळदा यामुळेच. (आईला हे सांगून फारसं बरं वाटत नाही, याची कल्पना आहे.)

अशा मुलाला डॉक्टरांसमोर नेलं की ते हात जोडून बसल्यासारखं बसतं आणि पालक खोटे पडतात. जाणकार तज्ज्ञ त्यावरून निष्कर्ष काढत नाहीत.

आमचंच काहीतरी चुकलं का?

हा प्रश्न शेवटी, दारातून निघताना विचारला जातो. पण मनात तो पहिला असतो.

काही मुलं जन्मतःच तापट प्रकृतीची असतात. तान्हेपणीच शांत व्हायला वेळ लागतो, बदल सोसत नाही, भावना उसळली की खाली बसत नाही. यात आनुवंशिकतेचा वाटा आहे. घरातली सततची भांडणं, पालकांचं नैराश्य किंवा व्यसन, कठोर किंवा लहरी शिस्त, दुर्लक्ष, हे सगळं त्यात भर घालतं. पण एकच एक कारण कुठल्याही मुलात दाखवता येत नाही.

उपचाराच्या दृष्टीनं उपयोगाची आहे ती एक वेगळी गोष्ट. अमेरिकेत ऑरेगनमध्ये मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटरसन आणि त्यांचे सहकारी कुटुंबांच्या घरी जाऊन बसले आणि कोण काय बोललं, त्यावर दुसऱ्यानं काय केलं, याची बारकाईनं नोंद ठेवली. त्यांना जे दिसलं ते साधारण असं असतं:

‘गेम बंद कर, आंघोळीला जा.’
‘पाच मिनिटं.’
‘पाच मिनिटं म्हणून अर्धा तास झाला. ऊठ.’
‘तू मला कधीच खेळू देत नाहीस!’
‘आवाज खाली कर.’
‘तूच ओरडतेस! जा इथून!’ आणि उशी भिरकावली जाते.
‘कर काय करायचं ते. मी बोलणारच नाही.’

आई निघून जाते. खोली शांत होते. आता इथं काय झालं ते पाहा. मुलगा शिकला की आवाज चढवला की काम टळतं. आई शिकली की सोडून दिलं की आरडाओरडा थांबतो. दोघांनाही लगेच सुटका मिळाली, म्हणून दोघंही उद्या तेच करणार. आणि ज्या दिवशी आई त्याच्यावरही कडी करून ओरडते आणि तो मुकाट्यानं उठतो, त्या दिवशी तीही शिकते की एवढ्या आवाजाशिवाय हा हलत नाही. ‘अरे’ला ‘का रे’ करत दोन्ही बाजूंचा आवाज महिनोन्‌महिने एकेक पट्टी वर जातो.

यात दोषी कोण? माझ्या मते प्रश्नच चुकीचा आहे. सौम्य स्वभावाच्या भावंडाशी हीच आई अशीच वागते आणि काही बिघडत नाही. तापट मूल आणि थकलेला मोठा माणूस एकत्र आले की हे चक्र सुरू होतं. मात्र ते मोडायची सुरुवात मोठ्यांनाच करावी लागते, कारण स्वतःचं वागणं ठरवून बदलणं दोघांपैकी त्यांना जास्त जमतं.

मुलींना होतो का?

होतो. किशोरवयापूर्वी मुलग्यांमध्ये थोडा जास्त दिसतो, साधारण १.४ला १. पुढे फरक फारसा स्पष्ट राहत नाही. मुलींचा विरोध पुष्कळदा अबोला, टोमणे, मुद्दाम वगळणं अशा वाटेनं निघतो आणि ‘आगाऊ आहे’ म्हणून सोडून दिला जातो.

ओडीडीसारखं दिसतं, पण दुसरंच काही असतं, असं होतं का?

होतं, आणि म्हणूनच घरबसल्या यादीवर खुणा करून निदान करू नये.

सगळ्यात आधी एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता यांचा विकार, पाहतात. त्या मुलाला ‘दप्तर भर, डबा घे, बूट घाल’ असं एका दमात सांगितलं तर दुसऱ्या पायरीवर त्याचं लक्ष उडतं. बाहेरून ते ‘ऐकत नाही’ असंच दिसतं. दोन्ही एकत्र असणंही फार सामान्य आहे: एडीएचडीच्या उपचारांवर अमेरिकेत १९९०च्या दशकात झालेल्या एमटीए नावाच्या मोठ्या अभ्यासातल्या ५७९ मुलांपैकी सुमारे ४० टक्के मुलांना ओडीडीही होता.

मग चिंता. शाळेत जायला नकार देणारं, वहीला हात न लावणारं मूल उद्धट वाटतं, पण आत भीती असते. वाचन-लेखनाची अध्ययन अक्षमता असलेलं मूल वर्गात मोठ्यानं वाचण्यापेक्षा बाहेर उभं राहणं पसंत करतं. आणि ते मिळवण्यासाठी काय करायचं हे त्याला बरोबर ठाऊक असतं. स्वमग्न मुलाचा उद्रेक ठरलेला क्रम मोडल्यानं किंवा आवाज-गर्दी असह्य झाल्यानं होतो. नीट ऐकू येत नाही म्हणून न ऐकणारी मुलंही असतात, तेव्हा कान तपासून घ्या. झोप अपुरी आहे का, शाळेत कोणी छळतंय का, मुलावर काही अत्याचार झालाय का, हेही पाहावं लागतं. अचानक, गेल्या दोन-चार आठवड्यांत स्वभाव पालटला असेल तर मी आधी शेवटच्या दोन शक्यतांचा विचार करेन.

किशोरवयातलं नैराश्य रडण्यापेक्षा चिडण्यातून दिसतं, हेही लक्षात असू द्या. आणि दोन उद्रेकांच्या मधल्या काळातही मूल जवळपास सदैव चिडलेलंच असेल, आठवड्यात तीन-तीनदा स्फोट होत असतील, असं वर्षभर चाललं असेल, तर डीएमडीडी (डिसरप्टिव्ह मूड डिसरेग्युलेशन डिसऑर्डर) नावाचं वेगळं निदान विचारात घेतात. ते लागू झालं तर ओडीडीचा शिक्का वेगळा मारत नाहीत.

निदान कोण करतं? काही तपासणी असते का?

बालमानसोपचारतज्ज्ञ किंवा मुलांसोबत काम करणारे चिकित्सा मानसशास्त्रज्ञ. बालरोगतज्ज्ञांपासून सुरुवात करायला हरकत नाही. रक्ताची चाचणी किंवा मेंदूचा स्कॅन करून ओडीडी कळत नाही. पालकांशी सविस्तर बोलणं, मुलाशी एकट्याशी बोलणं, शाळेकडून माहिती आणि प्रश्नावल्या एवढंच असतं. जाण्यापूर्वी दोन आठवडे वही ठेवा: किती वाजता, आधी काय सांगितलं होतं, काय झालं, शेवट कसा झाला. ‘तो नेहमीच असा वागतो’ या वाक्यापेक्षा ती वही शंभरपट कामाची असते. बऱ्याच घरांत वही भरतानाच कळतं की ‘नेहमी’ म्हणजे मुख्यतः सकाळी साडेसात ते आठ.

उपचारासाठी मुलाला आणायचं तर त्यांनी आम्हालाच बोलावलं. हे काय?

ते बरोबर करत आहेत. लहान मुलांच्या ओडीडीसाठी सर्वांत जास्त पुरावा ज्या उपचारामागे आहे तो म्हणजे पालकांचं प्रशिक्षण. आठवड्यातून एकदा मुलाशी तासभर ‘राग आला की दहा आकडे मोज’ असं बोलून फारसं काही होत नाही, कारण राग तिथं येत नाही. तो घरी, तुमच्यासमोर येतो.

ब्रिटनच्या नाइस या संस्थेची २०१३ची मार्गदर्शक तत्त्वं ३ ते ११ वर्षांच्या मुलांसाठी पालक प्रशिक्षण सुचवतात. ९ ते १४ वयोगटासाठी मुलांच्या गटात सामाजिक कौशल्यं आणि प्रश्न सोडवणं शिकवण्याचे कार्यक्रम आहेत. कॅरोलिन वेब्स्टर-स्ट्रॅटन यांचा ‘इन्क्रेडिबल इयर्स’, ऑस्ट्रेलियात मॅट सँडर्स यांनी सुरू केलेला ‘ट्रिपल पी’, येल विद्यापीठातल्या अॅलन काझ्डिन यांचं पालक प्रशिक्षण ही नावं तुमच्या कानावर येतील. नावं वेगळी असली तरी आतला माल बराचसा सारखाच आहे.

दोन ते सात वर्षांच्या मुलांसाठी शीला आयबर्ग यांनी १९७०च्या दशकात विकसित केलेली पीसीआयटी (पॅरेंट-चाइल्ड इंटरॅक्शन थेरपी) ही पद्धत मला सर्वांत आवडते. त्यात तुम्ही मुलाशी खेळत असता, थेरपिस्ट एकतर्फी काचेपलीकडून बघत असतात आणि तुमच्या कानातल्या छोट्या यंत्रातून हळूच सांगत असतात, ‘आता काही विचारू नका, तो काय करतोय तेवढंच बोला.’ उपदेश ऐकून घरी जाऊन आठवण्यापेक्षा जागच्या जागी सुधारणा होते.

घरी रोज पाच मिनिटं हाच खेळ करायचा असतो. मूल ठरवेल ते खेळायचं. सूचना नाही, प्रश्न नाही, टीका नाही. ‘हा लाल ठोकळा का नाही घेत?’ हेसुद्धा नाही. नुसतं ‘अच्छा, निळ्यावर निळा ठेवलास.’ पहिल्या दिवशी पाच मिनिटं पन्नास वाटतात. आपण मुलाशी बोलतो त्यातलं किती बोलणं हुकूम किंवा चौकशी असते, हे त्या पाच मिनिटांत कळून चुकतं.

मग सांगायचं तरी कसं? शांतपणे सांगितलं तर ऐकतच नाही.

स्वयंपाकघरातून हाक मारून सांगितलेलं धरूच नका. जवळ जा. त्याच्या उंचीला वाका, नावानं हाक मारा, बघेपर्यंत थांबा. मग एकच काम सांगा आणि ते विधान म्हणून सांगा: ‘बूट कप्प्यात ठेव.’ ‘जरा आवरतोस का?’ हा प्रश्न आहे, आणि प्रश्नाला ‘नाही’ हे उत्तर असू शकतं. ‘नीट वाग’ यात करायचं काय तेच कळत नाही.

सांगून झालं की गप्प बसा. मनात पाचपर्यंत मोजा. सर्वांत अवघड भाग हाच आहे, कारण त्या पाच सेकंदांत आपल्याला कालचा, परवाचा आणि मागच्या वर्षीचा हिशेब काढायचा असतो. त्यानं हालचाल केली, पुटपुटत का होईना, तर लगेच: ‘पहिल्यांदा सांगितल्यावर ठेवलेस, छान.’ पुटपुटण्याकडे कानाडोळा करा. आणि कौतुकाला शेपूट जोडू नका. ‘छान, पण रोज असं वागायला काय होतं?’ यातलं मुलाला फक्त दुसरं अर्धं ऐकू येतं.

दिवसाला किती सूचना देता ते एकदा मोजा. निम्म्या तरी गाळता येतात. ज्यांचा पाठपुरावा करायची तुमची तयारी नाही त्या देऊच नका.

इतकं कौतुक केलं तर शेफारणार नाही का?

‘तू किती हुशार!’ असं उठसूट म्हणत राहिलात तर कदाचित. पण नेमकं काय केलं ते नाव घेऊन सांगणं म्हणजे लाड नव्हेत, ती माहिती आहे. ओडीडी असलेल्या मुलाच्या कानावर दिवसभर काय पडतं याचा अंदाज घ्या, मग शेफारण्याची काळजी राहणार नाही.

टाइम-आउट द्यावा का?

देता येतो, पण त्याचा अर्थ लोक चुकीचा लावतात. कोपऱ्यात उभं करून अपमान करणं म्हणजे टाइम-आउट नव्हे. लक्ष, खेळ, वादविवाद या सगळ्यापासून थोडा वेळ दूर, एवढंच. तीन ते पाच मिनिटं पुरतात. आधी एकदाच ताकीद, मग न बोलता अंमल. बाहेर आल्यावर भाषण नाही. जे काम सांगितलं होतं ते मात्र करायचंच, नाहीतर टाइम-आउट हीच पळवाट ठरते. एरवी मुलाला तुमच्यासोबत मजा येत असेल तरच तुमच्यापासून दूर होण्याला अर्थ आहे, म्हणून आधी रोजची पाच मिनिटं, मग हे. आणि दार बाहेरून कडी लावून बंद करणं, अंधारात ठेवणं, असलं काही कधीच नाही.

हे सगळं करून पाहिलं. उलट वाढलंय!

किती दिवस केलंत? पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत वाढ अपेक्षितच आहे. लिफ्टचं बटण दाबलं आणि लिफ्ट आली नाही तर आपण काय करतो? अजून जोरात, अजून चारदा दाबतो. मुलाचं बटण आजवर चालत होतं. ते बंद झालं की तो आधी जोर वाढवून पाहणारच. नेमकं याच टोकाला येऊन हार मानली तर ‘एवढा जोर लावावा लागतो’ हा नवा धडा पक्का होतो. म्हणून एका वेळी दोनच गोष्टी निवडा आणि त्या तडीस न्या. बाकीच्यांकडे सध्या बघू नका.

दोन-तीन महिने नेटानं करूनही काडीचा फरक नसेल तर निदान पुन्हा तपासायला हवं.

दोन फटके दिले की सरळ होतो. मग चुकतं काय?

त्या क्षणी होतो, आणि म्हणूनच फटक्याची सवय देणाऱ्याला लागते. पॅटरसन यांच्या चक्रात फटका म्हणजे सर्वांत वरची पट्टी. मारानं मुलांचा आक्रमकपणा पुढे वाढतो, हे दीर्घकाळ पाठपुरावा केलेल्या अभ्यासांत वारंवार दिसलं आहे. ‘धडा शिकवणारी’ लष्करी थाटाची शिबिरं आणि तुरुंग दाखवून घाबरवण्याचे प्रयोगही उपयोगाचे नाहीत. उलट त्यांनी नुकसान होऊ शकतं.

औषध नाही का?

ओडीडीसाठी असं औषध नाही. एडीएचडी सोबत असेल तर मिथाइलफेनिडेट किंवा अॅटोमोक्सेटिननं तो आटोक्यात येतो आणि विरोधही पुष्कळदा उतरतो. चिंता किंवा नैराश्य असेल तर त्याचे उपचार. अतितीव्र आक्रमकतेत, बाकी उपाय थकल्यावर, रिस्पेरिडोनसारखं औषध थोड्या काळासाठी देतात. त्यानं वजन वाढतं, प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढू शकतं, म्हणून ते नियमित तपासण्यांसह, तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच. मूल ‘गप्प राहावं’ म्हणून गोळी मागू नका.

मी नियम लावते, बाबा मोडतात, आजी पाठीशी घालते.

सगळ्यांचं सगळ्यावर एकमत होण्याची वाट पाहू नका. दोन नियमांवर करा आणि ते कागदावर लिहा. जो मोठा माणूस तेही मान्य करत नसेल त्यानं निदान मुलासमोर दुसऱ्याचं सांगणं खोडू नये. एवढं मिळालं तरी निम्मी लढाई जिंकली.

मुलगी चौदा वर्षांची आहे. तिला कुठे टाइम-आउट देऊ?

देऊ नका, हसेल. या वयात वाटाघाटी लागतात. अमेरिकन बालमानसशास्त्रज्ञ रॉस ग्रीन यांची पद्धत इथं कामी येते: भांडण चालू नसताना, गाडीत किंवा चालताना, आधी तिचं म्हणणं पूर्ण ऐकायचं. ‘रात्री फोन ठेवताना रोज वाजतं आपलं. तुला त्यात नेमकं काय अडतं?’ मग आपली काळजी एका वाक्यात सांगायची, आणि मग दोघींना चालेल असा तोडगा तिलाच आधी सुचवू द्यायचा. ऐकायला हे लेचंपेचं वाटतं. पण नेहमीच्या पालक प्रशिक्षणाशी थेट तुलना झाली तेव्हा दोन्हींचा गुण जवळपास सारखाच आला.

पण ऐकून घेणं म्हणजे सगळं मान्य करणं नव्हे. सुरक्षिततेचे नियम वाटाघाटीला नसतात.

मोठेपणी गुन्हेगार होईल का?

बहुतेक मुलं होत नाहीत. काहींचा ओडीडी पुढे कंडक्ट डिसऑर्डरकडे जातो, म्हणजे चोरी, मारहाण, प्राण्यांशी क्रौर्य, घरातून पळून जाणं. लवकर सुरू झालेला, तीव्र, डूख धरणारा प्रकार असेल तर हा धोका जास्त. स्ट्रिंगॅरिस आणि गुडमन या संशोधकांनी २००९मध्ये दाखवलं की लक्षणांचे गट वेगवेगळ्या वाटांनी जातात: ज्याच्यात चिडचिड ठळक आहे त्याला पुढे चिंता आणि नैराश्याचा धोका अधिक. म्हणजे दंगा करणाऱ्या मुलाच्या उदासीकडेही लक्ष हवं. पालक सहसा याची भीती बाळगत नाहीत, बाळगायला हवी.

ताबडतोब मदत केव्हा घ्यायची?

मूल मरणाबद्दल बोलत असेल, स्वतःला इजा करत असेल, हत्यार उचलत असेल, धाकट्या भावंडाला खरी दुखापत करत असेल, आग लावत असेल, तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि मलाच राग आवरत नसेल तर?

मग खोलीतून बाहेर पडणारी व्यक्ती तुम्ही व्हा. ‘मला आता राग आलाय, मी पाणी पिऊन येते, मग बोलू’ असं म्हणा, जा, आणि ठरल्याप्रमाणे परत या. परत येणं विसरू नका, नाहीतर ते पुन्हा सोडून देणंच झालं. ओरडून झालंच असेल तर रात्री ‘मघाशी मी फार ओरडले, ते चुकलं. बूट मात्र उद्यापासून कप्प्यातच’ एवढं म्हटलं तरी चालतं. तुमची स्वतःची झोप उडाली असेल, सतत रडू येत असेल, तर स्वतःसाठीही डॉक्टर गाठा. पालकाच्या नैराश्यावर उपचार झाले की मुलाचं वागणंही पुष्कळदा सुधारतं.